बीज आणि क्षेत्र

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू नोकरीनिमित्त न्यू जर्सीस राहतो. गेल्या आषाढात त्याने घरी कळविले की, तेथील एका ज्यू मुलीशी विवाह करण्याचा त्याचा निश्चय झाला आहे. आमचे कुटुंब एकत्र आहे. म्हणजे चुली दोन झाल्या असल्या तरी देवघर एकच आहे. त्यामुळे वार्ता एकाच घटकेस सर्वांच्या कानी गेली आणि जो तो आपापल्या प्रकृतीप्रमाणे गप्प झाला. बंधूंनी सायंकाळचा जप लांबविला. वहिनींनी चार दिवस काढले आणि मग मला ओटीवर एकटे गाठून विचारले, "भाऊजी, त्याच्या मुलाची मुंज होईल का हो?"

मी जन्मभर संस्कृत शिकविले, या एवढ्याच भांडवलावर घरातील शास्त्रार्थाचे प्रश्न माझ्याकडे येतात. मला मनूतील बीज आणि क्षेत्र यांचा वाद आठवला. अपत्य बीजाचे मानावयाचे की क्षेत्राचे? दहाव्या अध्यायात कोणी बीजाची थोरवी सांगतात, कोणी क्षेत्राची, कोणी दोहोंची, असे तिन्ही पक्ष मांडून मनूने शेवटी बीजाकडे कल दिला आहे. मी वहिनींस म्हटले, "आपल्याकडे बाप पाहतात. तेव्हा मूल आपलेच." त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, "आणि त्यांच्याकडे?" हे मात्र मला ठाऊक नव्हते.

खरे सांगावयाचे तर त्या क्षणापर्यंत आम्ही सर्वांनी असेच गृहीत धरले होते की, हरकत घेण्याचा अधिकार आमचा आणि संमतीची वाट पाहण्याचे काम त्यांचे. पलीकडच्या घरीही कोणाच्या घशाखाली घास उतरत नसेल, ही कल्पना आमच्यापैकी एकाच्याही मनास शिवली नाही. पुढे नातवानेच दूरध्वनीवर सांगितले की, मुलीच्या आजीने या लग्नास येण्याचे साफ नाकारले आहे. हे ऐकून बंधूंस राग आला. "आमच्यात काय न्यून आहे म्हणावे?" असे ते म्हणाले. ज्या विवाहास आपण स्वतः अद्याप होकार दिलेला नाही, त्यास दुसऱ्याने नकार दिला म्हणून अपमान वाटावा, ही मनुष्यस्वभावाची मौज आहे. ती मी त्या वेळी बोलून दाखविली नाही.

नोकरीच्या आरंभीची माझी काही वर्षे अलिबाग तालुक्यात गेली. त्या शाळेत गणित शिकविणारे एक बेने इस्राएल गृहस्थ माझे तेव्हापासूनचे स्नेही आहेत. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे, घरात मराठी भाषा, नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरव्या बांगड्या. यांतील बहुसंख्य लोक आता इस्राएलात गेले. जे राहिले त्यांस महाराष्ट्र सरकारने २०१६ साली अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, पण संख्या त्याआधीच काही हजारांवर आली होती. माझे स्नेही राहिलेल्यांपैकी. श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो आणि चार दिवस मुक्काम केला.

माझा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा वाद आमच्याकडे अडीच हजार वर्षे चालू आहे. तुम्ही चार दिवसांत निकाल लावणार असाल तर मी चहा अधिक टाकावयास सांगतो." मग त्यांनी कपाटातून पुस्तके काढली.

मोशेच्या धर्मशास्त्रात, म्हणजे ज्या ग्रंथास मराठी बायबलात अनुवाद असे नाव आहे त्यात, कनान देशातील लोकांशी सोयरीक करू नये, आपली मुलगी त्यांच्या मुलास देऊ नये व त्यांची आपल्या मुलास करू नये, असा स्पष्ट निषेध आहे. कारण दिले आहे ते रक्ताचे नव्हे; अशा संबंधाने संतती अन्य देवांच्या भजनी लागेल, हे आहे. गंमत अशी की, खुद्द मोशेची बायको मिद्यानी होती आणि योसेफाची मिसर देशातील एका पुरोहिताची कन्या. पुढे बाबिलोनच्या वनवासातून लोक परतले, तेव्हा एज्रा नावाच्या शास्त्र्याने आसपासच्या जातींतील बायका केलेल्या पुरुषांकडून त्या बायका व त्यांची मुले यांस दूर करविले. त्या ग्रंथाच्या अखेरीस अशा शंभरावर पुरुषांची नावनिशीवार यादी आहे. त्या टाकलेल्या बायकांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. मी ती यादी दोनदा वाचली.

नहेम्या हा त्याच काळचा अधिकारी. त्याची तक्रार वाचून मात्र मी दचकलो. अश्दोदच्या बायका करणाऱ्यांची निम्मी मुले त्या मुलखाची बोली बोलतात, त्यांस यहुद्यांची भाषा येत नाही, असे तो म्हणतो. आणि या संतापात त्याने काही जणांस मारले व त्यांचे केस उपटले, हेही स्वतःच नमूद करतो. मारण्याचे मी समर्थन करीत नाही, यद्यपि जुन्या मास्तरांस त्यातले काही समजते. परंतु भाषेचे दुःख मला ओळखीचे वाटले. आमच्या धाकट्या पुतण्याने पुण्याच्या, आमच्याच शाखेच्या मुलीशी पत्रिका जुळवून लग्न केले आणि त्याची टेक्सासमधली दोन्ही मुले माझ्याशी मराठी बोलू शकत नाहीत. तेथे आम्ही कोणाचे केस उपटले नाहीत.

याच ग्रंथसंग्रहात रूथची कथा आहे. रूथ मवाबी, म्हणजे परकी, आणि तीही अशा जातीची की जिला इस्राएलाच्या मंडळीत प्रवेश नाही असे शास्त्रवचन आहे. नवरा मेल्यावर ती सासूबरोबर, नामीबरोबर, सासूच्या देशी जाते. सासू तिला परत जा म्हणते, ती जात नाही. सासूचे लोक ते आपले लोक व सासूचा देव तो आपला देव, असे सांगते. पुढे बवाजाशी तिचा विवाह होतो आणि दावीद राजा तिचा पणतू होतो. आता एवढ्या मोठ्या राजाची पणजी मवाबी कशी चालली? या शंकेस तालमुदातील पंडितांनी दिलेले उत्तर वाचून मी खुर्चीवरून उठलो. ते म्हणतात, निषेधवचनातील मवाबी हा शब्द पुल्लिंगी आहे. म्हणून पुरुषास बंदी, स्त्रीस नाही. भाकर व पाणी घेऊन वाटसरूंस सामोरे जाणे पुरुषांचे काम होते, ते मवाबी पुरुषांनी केले नाही, स्त्रियांचा त्यात काय दोष, अशी पुरवणीही त्यांनी जोडली आहे.

आमच्या मीमांसकांनी नेमका हाच खल केला आहे. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने याग करावा, येथे स्वर्गकाम हा शब्द पुल्लिंगी. मग स्त्रीस अधिकार आहे की नाही? जैमिनीच्या सहाव्या अध्यायात ऐतिशायन म्हणतो, पुरुषासच अधिकार. बादरायण म्हणतो, येथे लिंग विवक्षित नाही, स्त्रीसही आहे. आणि सिद्धान्त बादरायणाच्या बाजूने जातो. त्यांनी लिंगास महत्त्व देऊन स्त्रीस आत घेतले, आमच्यांनी लिंगाचे महत्त्व काढून घेऊन आत घेतले. मी हे स्नेह्यांस सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एकूण काय, स्त्रीस आत घ्यावयाचे असले की पंडितास व्याकरण सापडते."

तथापि रूथ आत आली ती धर्म स्वीकारून. तेथेच मुख्य गाठ आहे. परधर्मीयाशी विवाह निषिद्ध, एवढेच ज्यू धर्मशास्त्र म्हणत नाही. तो विवाह होतच नाही असे म्हणते. वर वधूस अंगठी घालतो ती मोशे व इस्राएल यांच्या नियमाप्रमाणे असे म्हणून घालतो. ज्यास तो नियम लागू नाही त्याच्याशी त्या नियमाने बंधन कसे जडावे? आणि जेथे विवाहबंधनच जडत नाही तेथे मूल आईच्या जातीचे, हा मिश्नेतील निर्णय. शास्त्रशुद्ध विवाह असेल तर मूल बापाच्या कुळाचे, कोहेनाचा मुलगा कोहेन. म्हणजे बीज आणि क्षेत्र दोन्ही त्यांच्याकडे आहेत, फक्त कोणते केव्हा लावावयाचे याची व्यवस्था निराळी.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी, हे सर्व शास्त्र बाजूस ठेवून स्नेह्यांनी आपल्या घरची हकीकत सांगितली. ती मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती.

त्यांच्या धाकट्या बहिणीने १९७८ साली मुंबईस एका मराठी हिंदू गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. (१८७२च्या जुन्या कायद्याखाली असा विवाह करणाऱ्या दोघांसही आपण हिंदू नाही, ज्यू नाही, कोणत्याच धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. १९५४च्या कायद्याने ते खोटे बोलणे वाचविले.) वडील सनातनी. युरोपातील काही ज्यू घरांतून अशा मुलामुलींच्या नावाने सात दिवस सुतक धरून बसण्याची चाल होती. वडिलांनी तसे केले नाही. पण शुक्रवारी दिवे लागल्यावर मुलांस आशीर्वाद देण्याचा प्रघात असतो, त्यात ते तिचे नाव वगळू लागले, आणि १९९१ साली वारले तोपर्यंत त्यांनी तिच्या मुलाचे तोंड पाहिले नाही.

स्नेह्यांच्या स्वतःच्या मुलाने २००९ साली पुण्याच्या एका हिंदू मुलीशी लग्न केले. या वेळी स्नेही हजर होते. पुढच्या रांगेत बसून जेवले. त्या मुलाची कन्या आता बारा वर्षांची आहे. तिला हिब्रू अक्षरे येतात, शुक्रवारचे दिवे आजीबरोबर तीच लावते, सणावारी आजोबांचा हात धरून प्रार्थनामंदिरात जाते.

"आता ऐका," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी वडिलांच्या पुण्यतिथीस कद्दीश म्हणावयाचा होता. त्यास दहा प्रौढ पुरुष लागतात. पूर्वी आमच्या आळीत हाक मारली की तीस जमत. त्या दिवशी नऊ झाले. रोह्यापर्यंत फोन केले. इतक्यात बहिणीचा मुलगा दारात उभा. जमिनीच्या कागदासाठी तो अलिबागेस आला होता. नाव आडनाव तुमच्यासारखे. कोणत्याच देवळात फारसा न जाणारा. पण आई ज्यू, म्हणजे हा ज्यू. हजानांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि दहा पुरे झाले. ज्याचे तोंड आजोबांनी पाहिले नाही त्याच्यामुळे आजोबांचा कद्दीश झाला. माझी नात मागे बाकावर बसली होती. ती सर्व शब्द बरोबर म्हणत होती. त्याला एकही येत नव्हता."

ते थोडा वेळ थांबले. "नात मुलगी, म्हणून तिची गणती आमच्याकडे नाहीच, ते वेगळे. पण तिला भाऊ असता तरी झाली नसती. आई आमच्यातली नव्हे."

मी हिशेब मांडून पाहिला. आमच्या नातवास जे मूल होईल ते त्यांच्या शास्त्राने त्यांचे, कारण आई ज्यू. आणि आमच्या शास्त्राने आमचे, कारण बाप आमचा. स्नेह्यांची नात त्यांच्या शास्त्राने त्यांची नव्हे, कारण आई हिंदू. आणि आमच्या शास्त्राने आमची नव्हे, कारण बाप ज्यू. जे अद्याप जन्मले नाही त्यावर दोन धर्मांचा हक्क, आणि जे दिवे लावीत बसले आहे ते कोणाचेच नाही. स्नेही गणिताचे शिक्षक. त्यांनी हा हिशेब माझ्याआधीच केला असणार.

इस्राएलात तरी तिला ठिकाण आहे काय, असे मी विचारले. तेथे उत्तर दुहेरी आहे. परतीच्या कायद्यास १९७० साली जी दुरुस्ती झाली तिने ज्यूच्या नातवंडासही तेथे येऊन नागरिक होता येते. पण तेथे नागरी विवाह नाही. ज्यूंचे विवाह रब्बींच्या धर्मपीठाच्या हाती, आणि ते पीठ तिला ज्यू मानणार नाही. अशी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात व सरकार त्याची नोंद करते. बेने इस्राएलांस तर या पीठाचा वेगळाच अनुभव आहे. शतकानुशतके हे लोक इतर ज्यूंपासून दूर राहिले, घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम यांनी पाळले असतील की नाही, बाहेरचे रक्त मिसळले असेल काय, अशा शंका काढून १९६२ साली विवाह नोंदणाऱ्या रब्बींस आज्ञा झाली की, यांच्या आई, आजी, पणजी जेथवर लागतील तेथवर तपासाव्या. मराठी बोलणारी माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला, तेव्हा ती आज्ञा बदलली.

येथे स्नेह्यांनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, म्हणून लिहितो. ज्यांची शुद्धता तेथे तपासली गेली, त्यांनीच कोकणात पूर्वी आपल्यात गोरे व काळे असे दोन भाग केले होते. बाहेरच्या स्त्रीपासून झालेली संतती ती काळी. तिच्याशी रोटीबेटीव्यवहार नाही. किहीमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहिला गेला व १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला, त्यात हा भेद नमूद आहे. "इकडे आम्ही ज्यांना काळे म्हटले, तसेच आम्हांला तिकडे कोणी म्हटले," असे ते म्हणाले. आम्हां ब्राह्मणांस या वाक्यावर बोलण्यासारखे काही नाही.

युरोप-अमेरिकेतला ओघ निराळा. नेपोलियनने पॅरिसला ज्यू प्रमुखांची सभा बोलावून बारा प्रश्न घातले, त्यांत ख्रिस्त्यांशी विवाहाचाही होता. १८०७च्या सान्हेद्रिनाने मोठ्या शिताफीने उत्तर दिले: सरकारी कायद्याने असा विवाह वैध मानू, करणाऱ्यास बहिष्कार घालणार नाही, पण धर्मविधी लावणार नाही. बादशहासही नाही म्हणावयाचे आणि मानही राखावयाची, याचा हा नमुना होय. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १९०९ साली असे विवाह परंपरेविरुद्ध ठरवून त्यांपासून लोकांस परावृत्त करावे असा ठराव केला, १९७३ साली तो अधिक कडक केला. आणि त्याच रब्बींनी १९८३ साली ठरविले की, आई किंवा बाप कोणीही एक ज्यू असला व मूल त्या धर्माच्या आचारात उघडपणे वाढले तर ते ज्यू. २०२४ साली त्यांच्या विद्यापीठाने अन्यधर्मीय जोडीदार असलेल्यास रब्बी होण्याची वाटही मोकळी केली. ठराव कडक करीत गेले आणि लग्ने होत गेली, हे त्याचे कारण. प्यू या संस्थेच्या २०२०च्या पाहणीत १९८०पूर्वी विवाह झालेल्या ज्यूंपैकी शेकडा १८ जणांचे जोडीदार परधर्मीय आढळले, २०१०नंतरच्यांत शेकडा ६१, आणि सनातन्यांस वगळले तर शेकडा ७२. स्नेह्यांची नात त्या पंथाच्या गावी असती तर तिची गणती झाली असती. आमच्या कोकणात तो पंथ नाही.

घरी परतल्यावर मी नातवास मुलीच्या आजीविषयी विचारले. तो बराच वेळ सांगत होता. त्या बाईंचे आईवडील पोलंडातले. महायुद्धानंतर दोन्हीकडच्या घरांतून ते दोघेच उरले. बाईंचे म्हणणे एवढेच की, जे हिटलरला पुरते साधले नाही ते नातवंडांनी प्रेमाने पुरे करावे काय? असे म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. एमिल फाकेनहाइम या तत्त्वज्ञाने याच भावनेस धर्माज्ञेचे रूप दिले होते. यावर मला उत्तर सुचले नाही. बंधूंस हे सांगितले तेव्हा त्यांचा राग कोठे गेला ते कळले नाही, "मग त्यांचे चुकले असे मी कसे म्हणू?" एवढे ते बोलले.

एक उत्तर माझ्या वाचनात पुढे आले. १९४३च्या फेब्रुवारीच्या अखेरीस बर्लिनमधले उरलेसुरले ज्यू पकडले गेले, तेव्हा ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या अशा पुरुषांस रोझेनस्ट्रासे या रस्त्यावरील इमारतीत कोंडले होते. त्या बायका त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. आमचे नवरे परत द्या, असे ओरडत थंडीत दिवसामागून दिवस उभ्या राहिल्या. शिपायांनी हाकलले की पांगत व पुन्हा जमत. ते पुरुष सुटले. हे आजींस लिहून पाठवावे, असे मला एक रात्रभर वाटत होते. सकाळी तो बेत सोडला. ज्यांचे सर्व गेले त्यांस पोथीतले उदाहरण काढून जिंकण्यात पुरुषार्थ नाही, आणि त्या बाईंस ते ठाऊक नसेल असे मानण्याचेही मला कारण नव्हते.

वहिनींस मी मुंजीचे उत्तर दिले: दोन्हीकडून हक्क सांगता येईल, पण तिकडचा रब्बी लग्न लावण्याआधी मूल ज्यू रीतीने वाढविण्याचे वचन मागतो आहे, आणि नातू ते देणार आहे. वहिनी उठून आत गेल्या. रात्री जेवताना त्यांनी विचारले, "ती शुक्रवारी दिवे लावतात म्हणालात, ते तुपाचे की तेलाचे?" मी म्हटले, मेणबत्त्याही चालतात. त्यांस ते फारसे आवडलेले दिसले नाही.

विवाह मार्गशीर्षात, तिकडेच आहे. दोन विधी निरनिराळे व्हावयाचे, कारण अन्य देवतांचे नाव जेथे घेतले जाईल त्या मांडवात रब्बी उभे राहणार नाहीत. मुलीने मला इंग्रजीत पत्र लिहिले आहे: सप्तपदीच्या सातही पावलांचा अर्थ कळवावा, ज्याचा अर्थ मनापासून म्हणता येणार नाही ते पाऊल मी टाकणार नाही. चाळीस वर्षांत कोणा यजमानाने मला असा प्रश्न केला नव्हता. पहिली पाच पावले लिहून झाली आहेत. सहाव्यापाशी योग्य इंग्रजी शब्द अडला आहे. संकल्पात तिचे गोत्र कोणते उच्चारावयाचे, असे तेथील भटजींनी विचारले होते; ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, या संप्रदायाप्रमाणे मी काश्यप कळविले. स्नेह्यांस हे सांगितले तेव्हा ते पुष्कळ हसले.

अडचण एकच उरली आहे. आमच्या पंचांगाने दिलेला मुहूर्त शनिवारी गोरज आहे, आणि शब्बाथ संपून आकाशात तीन तारे दिसल्यावाचून रब्बींस विधी लावता येत नाही. गोरज सूर्यास्ताचा, ताऱ्यांस त्यापुढे पाऊण तास तरी लागेल. बंधू चष्मा लावून रविवार सकाळचा मुहूर्त शोधीत बसले आहेत. आजींचा होकार अद्याप आलेला नाही. पण लग्न कोणत्या वारी आहे, असे त्यांनी काल नातीस विचारले म्हणतात.